घराच्या बांधकामासाठी आणि दुरुस्तीसाठी भरवशाचा कॉन्ट्रॅक्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं घर बांधून झालं, काही वर्षांनी त्याच घराची मोठी दुरुस्ती निघाली. पुढे भावंडं, मैत्रिणी, शेजारी यांच्या कामांवर मी कधी मोजपट्टी घेऊन, तर कधी नुसती सोबत म्हणून उभी राहिले. मी इंजिनिअर नाही. पण प्रत्येक वेळी तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. भरवसा माणसाच्या बोलण्यावरून ठरत नाही, तो टप्प्याटप्प्याने तपासावा लागतो, आणि तोवर आपला पैसा कामाच्या एक पाऊल मागे ठेवावा लागतो. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघाली आहेत.

चांगला कॉन्ट्रॅक्टर शोधायचा कुठे?

ओळखीतून नावं येतातच, पण "माणूस चांगला आहे" एवढ्यावर थांबू नका. त्यांनी ज्यांचं घर बांधलंय त्यांच्याकडे जा, आणि शक्यतो राहायला येऊन एक पावसाळा उलटलेल्या घरी जा. नवं घर सगळ्यांचंच छान दिसतं. ओल, भेगा, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवरचे पोपडे हे सगळं नंतर वर येतं. तिथे "काम कसं झालं?" असं विचारलं तर "छान झालं" हेच उत्तर मिळतं. म्हणून मी दोनच प्रश्न विचारते. शेवटची किरकोळ कामं किती दिवस रेंगाळली? आणि सगळे पैसे दिल्यानंतर काही बिघडलं तेव्हा त्यांनी फोन उचलला का?

सिमेंट-सळईच्या दुकानदाराकडेही चौकशी करा. कोणाची उधारी थकलेली आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं. देणी थकलेला कॉन्ट्रॅक्टर तुमच्या पैशातून मागच्या साइटची तोंडमिळवणी करतो आणि तुमची साइट पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशाची वाट बघत बसते. फक्त दुकानदाराने आपणहून नाव सुचवलं तर त्यात त्याचाही फायदा असू शकतो, हे लक्षात असू द्या.

सर्वात जास्त कळतं ते चालू साइटवर, न सांगता गेल्यावर. सिमेंटच्या गोण्या जमिनीवरच टाकल्यात की फळ्यांवर, भिंतीपासून लांब रचल्यात? कालच्या कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळलंय का? उंचावर काम करणाऱ्याच्या परांचीला, पायाला नीट आधार आहे का? जो माणूस आपल्या मजुरांच्या जिवाची काळजी घेत नाही, तो तुमच्या स्लॅबची घेईल असं मला वाटत नाही.

तीन कोटेशनं आली, तिन्हीत मोठा फरक आहे. सगळ्यात कमीचं घ्यावं का?

आधी तिघांनी एकाच कामाचं कोटेशन दिलंय का ते बघा. बहुतेकदा दिलेलं नसतं. एकाने गच्चीचं वॉटरप्रूफिंग धरलेलं असतं, दुसऱ्याने नाही. एकाने खोदाईची माती वाहून नेणं धरलंय, दुसऱ्याने ती तुमच्या दारात सोडायची ठरवली आहे. म्हणून तिघांनाही एकच नकाशा आणि एकच कामांची यादी द्या, आणि प्रत्येकाला विचारा, "या दरात काय नाही?" या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देणारा माणूस माझ्या नजरेत तिथेच वर चढतो.

सारख्या यादीवरही एखादा दर इतरांच्या मानाने फारच खाली असेल तर तो तसा का, हे समजेपर्यंत सही करू नका. कमी दराने घेतलेलं काम कुठून तरी भरून काढावं लागतं. ते कधी सळईच्या अंतरात निघतं, कधी सिमेंटच्या प्रमाणात, कधी "हे एक्स्ट्रा झालं" असं म्हणून. आणि काहीच जमलं नाही तर प्लास्टर अर्धवट टाकून माणूस निघून जातो. दुसऱ्याचं अर्धवट काम पुढे न्यायला कोणी सहसा तयार होत नाही, झालाच तर त्याचा दर वेगळा असतो.

चौरस फुटाचा दर बरा की आयटमप्रमाणे?

नवं घर असेल आणि नकाशा पक्का असेल तर चौरस फुटाचा दर समजायला सोपा. पण कोणता चौरस फूट मोजणार ते आधी लिहून घ्या. बाल्कनी पूर्ण धरणार की अर्धी? जिना, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, कंपाउंडची भिंत त्यात आहेत का? बहुतेक वाद इथेच होतात.

दुरुस्तीला मात्र आयटमप्रमाणेच जावं. किती फोडावं लागणार ते आधी कोणालाच नक्की माहीत नसतं. प्लास्टर, टाइल, रंग यांचा दर ठरवून झाल्यावर काम होईल तसं दोघांनी मिळून मोजायचं. मोजमापातून दारं-खिडक्यांची वजावट कशी करणार, तेही आधीच ठरवा.

मटेरियल मी आणू की त्यांच्यावर सोडू?

तुमच्याकडे रोज साइटवर जायला वेळ असेल तर लेबर रेटने, म्हणजे फक्त मजुरीच्या दराने काम देऊन मटेरियल स्वतः आणणं परवडतं. वेळ नसेल तर मटेरियलची नासाडी आणि कामाचा खोळंबा दोन्ही तुमच्या गळ्यात पडतात, कारण "वाळूच नव्हती, मग माणसं परत पाठवली" हे ऐकावं लागतं. मला मधला मार्ग आवडतो. सिमेंट, वाळू, विटा त्यांच्याकडे, पण कंपनी आणि ग्रेड करारात लिहून. वायर, स्विच, नळ, पाइप, टाइल आपण स्वतः आणायचे.

सळई कोणीही आणली तरी गाडी उतरताना एक हिशेब करा. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. आलेला आकडा म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ मि.मी. सळईचं मीटरला साधारण ०.८९ किलो येतं, म्हणजे १२ मीटरची पूर्ण सळई साडेदहा किलोच्या थोडी वर. ८ मि.मी.ची पूर्ण सळई पावणेपाच किलोच्या आसपास. चार सळया काट्यावर ठेवून बघायला दहा मिनिटं लागतात. थोडा फरक चालतो, पण मोठी तूट दिसली तर माल परत पाठवा. सिमेंटच्या गोणीवर महिना छापलेला असतो. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी स्लॅबला वापरू देऊ नका.

करार खरंच लागतो का? मागितला की समोरच्याला वाईट वाटतं.

लागतो. नात्यातला माणूस असेल तर अधिकच लागतो, कारण तिथे बिघडलं तर घरासोबत नातंही जातं. मी सरळ म्हणते, "दादा, माझ्या लक्षात राहत नाही, आपण लिहून ठेवू." नीट काम करणाऱ्याला याचं वाईट वाटलेलं मी अजून पाहिलेलं नाही, उलट त्यालाही पैसे वेळेवर मिळण्याची हमी मिळते.

करार भाषेने भारदस्त नसला तरी चालेल, तपशिलाने भरलेला हवा. सोबत सही केलेला नकाशा जोडा. काँक्रीटची ग्रेड, प्लास्टरची जाडी, रंगाचे हात, टाइलचा आकार हे लिहा. पाणी, वीज, राडारोडा उचलणं कोणाकडे? कोणत्या टप्प्याला किती पैसे? कामाला उशीर झाला तर काय? निकृष्ट काम पाडून पुन्हा करायची वेळ आली तर खर्च कोणाचा? मजुराला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, आणि त्याचा विमा आहे का? काम ताब्यात दिल्यानंतर किती महिने गळती आणि भेगा ते मोफत दुरुस्त करतील? मी निदान बारा महिने मागते, म्हणजे सगळे ऋतू घरावरून जातात. शेवटी एक कलम आवर्जून घाला: दोघांपैकी कोणाला काम मध्येच थांबवायचं असेल तर झालेल्या कामाची मोजणी कशी होईल.

ॲडव्हान्स किती द्यावा?

फार कमी. माझ्या हिशेबाने सुरुवातीला दहा टक्क्यांच्या आत. पुढचे हप्ते पाया, जोतं, स्लॅब, विटकाम, प्लास्टर असे टप्पे पूर्ण झाल्यावर, तपासल्यावर. शेवटचे पाच ते दहा टक्के हातात राखून ठेवायचे.

हे मी किंमत मोजून शिकले. दुरुस्तीच्या कामात आमच्या कॉन्ट्रॅक्टरने एका संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, मजुरांचे पगार अडलेत, पुढच्या टप्प्याचे पैसे आत्ताच द्या. माणूस अडचणीत दिसत होता, मी दिले. दोन आठवड्यांनी पुन्हा तसंच झालं, पुन्हा दिले. त्यानंतर काम जितकं झालं होतं त्यापेक्षा पैसे जास्त गेलेले होते, आणि त्या दिवसापासून माझ्या बोलण्याला वजन राहिलं नाही. तो फसवायलाच आला होता असं मला आजही वाटत नाही. पण पैसा पुढे गेला की चांगल्या माणसाचंही लक्ष दुसऱ्या साइटकडे वळतं, कारण तिथून पैसा यायचा असतो.

"मटेरियलला पैसे हवेत" असं म्हटलं तर माल साइटवर उतरू द्या आणि दुकानदाराचं बिल थेट तुम्ही भरा. मजुरांचा प्रश्न खरा असेल तर टप्पे लहान करा, आठवड्याला मोजून पैसे द्या. त्या मजुरांना वेळेवर पैसे मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. दिलेल्या प्रत्येक रकमेची सही आणि तारीख वहीत घ्या, किंवा बँकेतूनच द्या.

मला बांधकामातलं काही कळत नाही. देखरेख कशी करू?

सगळं कळायची गरज नाही. झाकलं जाणारं काम झाकण्याआधी बघायचं, एवढा नेम पाळा. काँक्रीटखाली सळई जाते, प्लास्टरखाली पाइप आणि वायर जातात, टाइलखाली वॉटरप्रूफिंग जातं. नंतर ते दिसत नाही. म्हणून करारातच लिहा की या प्रत्येक टप्प्याआधी तुम्हाला एक दिवस आधी कळवायचं, आणि तुम्ही होकार दिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

स्लॅब भरायच्या दिवशी रजा काढा. सळई सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या फळीला टेकलेली नसावी. खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून लांब ठेवणारे छोटे ठोकळे हवेत, स्लॅबला साधारण २० मि.मी. आणि कॉलमला ४० मि.मी.चे. हे अंतर नसेल तर हवा आणि ओल लवकर सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडतात. व्हायब्रेटर (ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) आलाय आणि चालतोय हे काम सुरू व्हायच्या आधी बघा. मग पाण्याकडे लक्ष द्या. ५० किलोच्या एका गोणीला साधारण २५ लिटर पाणी पुष्कळ होतं, आणि त्यात ओल्या वाळूतलं पाणीही आलं. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो, म्हणून मजूर बादलीभर पाणी वाढवतात. त्या जादा पाण्याने काँक्रीटची ताकद जाते, आणि ती नंतर कशानेही परत येत नाही. मी असते तिथे पाण्याच्या पिंपाजवळच उभी राहते.

दुसऱ्या दिवसापासून क्युरिंग. निदान सात दिवस, आणि राख मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा ते चौदा दिवस पृष्ठभाग सतत ओला राहिला पाहिजे. सकाळी एकदा पाइप फिरवून दुपारी स्लॅब कोरडा पडत असेल तर ते क्युरिंग झालं नाही. सातव्या दिवशी काँक्रीटमध्ये त्याच्या २८ दिवसांच्या ताकदीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास ताकद आलेली असते, म्हणून खालचे टेकू काढायची घाई नको. ते कधी काढायचे हे स्लॅबच्या लांबी-रुंदीवर ठरतं, आणि ते इंजिनिअरने सांगावं. "दुसऱ्या साइटला फळ्या हव्यात" हे कारण ऐकून घेऊ नका.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावायच्या आधी जाळी बंद करून पाणी भरून ठेवायचं, निदान २४ तास, जमलं तर ४८. खालच्या मजल्याचं छत बघायचं. आमच्याकडे ही एक गोष्ट घाईत राहिली आणि वर्षभरात सगळी टाइल उखडावी लागली. पाइपही भिंतीत बुजवण्याआधी पाण्याचा दाब देऊन तपासून घ्या. आणि प्रत्येक भिंतीचा, पाइप-वायर उघडे असताना, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. दहा वर्षांनी खिळा ठोकताना त्या फोटोची किंमत कळते.

कॉन्ट्रॅक्टर अनुभवी आहे, तरी वेगळा इंजिनिअर लागेल?

हो, आणि त्याची फी तुम्ही द्यायची, कॉन्ट्रॅक्टरने नाही. ज्याच्या हातून पगार मिळतो त्याच्या कामात चूक काढणं कोणालाही जड जातं. रोजची हजेरी नको असेल तर पाया, प्रत्येक स्लॅब आणि शेवटची पाहणी एवढ्यासाठी तरी बोलवा.

दुरुस्तीच्या कामात काय वेगळं सांभाळायचं?

इलाजाआधी कारण शोधायला लावा. ओल दिसली की तिथे रसायन फासून वर रंग देणारे खूप भेटतात. ओल पुढच्या वर्षी हातभर बाजूला उगवते. थोडा शोध तुम्हीही घेऊ शकता. ठिबक दिवसरात्र सारखी असेल तर पाण्याच्या लाइनवर संशय घ्या, आंघोळीनंतर वाढत असेल तर सांडपाण्याच्या पाइपवर किंवा फरशीच्या सांध्यांवर, फक्त पावसात येत असेल तर गच्ची आणि बाहेरच्या भिंतींवर. घरातले सगळे नळ बंद करून मीटर फिरतोय का ते बघा. हा तपास न करताच दर सांगणाऱ्याला मी काम देत नाही.

छतातून सळई उघडी पडली असेल तर सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढावं लागतं, गंज घासून साफ करावा लागतो, मगच पुढचा थर. त्यावर नुसता गिलावा मारून देणारा माणूस दुखणं झाकून जातो आणि आत गंज वाढत राहतो.

आणि भिंत पाडायची, कॉलम किंवा बीम फोडून पाइप न्यायचा, असं कोणी म्हणालं तर इंजिनिअरने लेखी सांगितल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका. "मी अशा पन्नास भिंती पाडल्यात" हे उत्तर इथे चालत नाही. वर माणसं झोपलेली असतात.

मध्येच "हे एक्स्ट्रा आहे" म्हणतात तेव्हा?

कधी ते खरं असतं. खोदल्यावर जमीन भुसभुशीत निघाली तर पाया खोल जाणारच. नेम एकच: जादा काम सुरू व्हायच्या आधी काय, किती आणि कितीला, हे मोबाइलवर मेसेजने तरी लिहून यावं आणि तुम्ही "मान्य" लिहावं. तुम्ही स्वतः खिडकी हलवली असेल तर त्याचे पैसे कुरकुर न करता द्या.

माणसं येतच नाहीत. काय करू?

आधी स्वतःचं तपासा. तुमचा हप्ता थकलाय का? टाइल निवडायची राहिलीय का? आपल्यामुळे अडलं नसेल तर फोनवर भांडण्यापेक्षा समोर बसा आणि पुढच्या पंधरा दिवसांचं वेळापत्रक तारखांसह लिहून घ्या. त्यातली पहिली तारीख पाळली जाते का, तेवढं बघा. दोनदा मोडली तर इंजिनिअरसमोर झालेल्या कामाची मोजणी करून, फोटो काढून, हिशेब मिटवून वेगळं व्हा. मोजणी न करता दुसऱ्याला आणलं तर नंतर कोणतं काम कोणाचं हे सिद्ध करता येत नाही.

कोणत्या खुणा दिसल्या की थांबावं?

पूर्ण रोख आणि पावतीला नकार. जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता द्यायला टाळाटाळ. "आजच ठरवा, उद्या दर वाढेल." आणि माझ्या मते सगळ्यात मोठी खूण: कोणत्याही प्रश्नाला "नाही" न म्हणणारा माणूस. तीन महिन्यांत होईल का? होईल. गच्चीवर बाग? होईल. आमच्या घराचे पहिले कॉन्ट्रॅक्टर मला म्हणाले होते, "ताई, या मुदतीत जमणार नाही, मी खोटं सांगणार नाही." मी काम त्यांनाच दिलं, आणि त्या घराच्या स्लॅबमधून आजवर थेंब आलेला नाही.

मालक म्हणून आपल्याकडून काय चुकतं?

बरंच. आपण मिस्त्रींना परस्पर सूचना देतो आणि मग कॉन्ट्रॅक्टरला जाब विचारतो. रोज नवीन फोटो दाखवून बेत बदलतो. ठरलेला हप्ता देताना "जरा कमी करा" म्हणतो. काम पसंत पडलं असेल तर ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी पूर्ण द्या. साइटवर पिण्याचं पाणी, संडासाची सोय आणि सावली आहे ना ते बघा. बायामाणसंही कामाला येतात. मिस्त्रींना नावाने हाक मारा. चांगल्या कामाला तिथल्या तिथे चांगलं म्हणा.

शेवटचे पैसे कधी द्यायचे?

एक पूर्ण दिवस काढून दिवसाउजेडी घरभर फिरा, सोबत वही ठेवा. प्रत्येक टाइल वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर खाली माल नाही. बाथरूममध्ये बादली ओता, पाणी जाळीकडे गेलं पाहिजे. सगळे नळ एकदम सोडा. प्रत्येक सॉकेट तपासा, आणि वीजगळती झाल्यावर प्रवाह तोडणाऱ्या ३० मिलीॲम्पिअरच्या स्विचचं टेस्ट बटण दाबा. तो लगेच पडला पाहिजे. दारं-खिडक्या दोनदा उघडा-मिटा.

राहिलेल्या कामांची यादी दोघांच्या सहीने करा. ती पूर्ण झाली की नकाशांच्या अंतिम प्रती, पंप आणि फिटिंगची वॉरंटी कार्डं, वॉटरप्रूफिंगचं हमीपत्र, प्लंबर-इलेक्ट्रिशियनचे फोन नंबर आणि सगळ्या किल्ल्या ताब्यात घ्या. मग राखलेल्या रकमेतला अर्धा भाग द्या, आणि उरलेला अर्धा पहिल्या पावसाळ्यात घर कोरडं राहिल्यावर. ही शेवटची तारीख करारात आधीच लिहिलेली असली की मागतानाही संकोच नाही आणि देतानाही.